मरतुकडीचा गूळ

एका कृषी संशोधन केंद्रावर एकदा एक वृद्ध शास्त्रज्ञ होते. शेतातले पहिले रोप मेले की ते गूळ वाटत.

वाचकहो, लिहिताना माझी चूक झालेली नाही. पीक चांगले आले म्हणून पेढे वाटणारी माणसे आपण पाहिली आहेत. हे गृहस्थ मात्र तुरीचे रोप मान टाकून वाळले की पिशवीतून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे काढत आणि खुरपणाऱ्या बायांच्या हातावर ठेवत. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली तरी रोज सकाळी ते शेतावर हजर असत. सगळे त्यांना तोंडावर लोमटे सर म्हणत आणि त्यांची पाठ वळली की हसत.

ज्या तुकड्यात हा प्रकार चाले, तोही जगावेगळाच होता. तुरीला मर नावाचा रोग होतो. त्याची बुरशी मातीत दबा धरून असते, मुळावाटे शिरते आणि उभे झाड वाळवून टाकते. केंद्रावर या तुकड्यात ती बुरशी मुद्दाम जोपासलेली होती. दरवर्षी मेलेली झाडे बारीक करून त्याच मातीत गाडत. तयार केलेले नवे वाण तिथे पेरायचे, आणि जो तगेल तो पुढे शेतकऱ्यांकडे न्यायचा, अशी ती परीक्षा होती. कागदोपत्री त्याला ‘सिक प्लॉट’ म्हणत; बाया ‘मरीचं वावर’ म्हणत. दर दोन नव्या ओळींनंतर एक ओळ एका जुन्या वाणाची असे. हा वाण मरीला हमखास बळी पडे. बायांनी त्याचे नाव मरतुकडी ठेवून दिले होते. आपल्याकडे नाव ठेवायला कोणाला शिकवावे लागत नाही.

त्या वर्षी हा तुकडा कांचन नावाच्या नव्या संशोधन सहायक मुलीकडे आला. काम सांगायला सोपे होते. दर सोमवारी ओळीओळीने फिरायचे, मेलेली झाडे मोजायची, आकडा वहीत लिहायचा आणि मेलेले झाड जागच्या जागी उभे राहू द्यायचे. नेमणूक अकरा महिन्यांची होती. याआधी दोन ठिकाणी तिची नेमणूक अशीच संपली होती आणि पुढे वाढली नव्हती. गावाहून आईचा फोन येई. “पक्कं झालं का गं?” आई विचारी. “होईल,” असे म्हणून कांचन विषय बदलत असे, पण नंतर जेवताना तिचा घास हातातच राही. शेताच्या फाटकाची कडी ती दोनदा ओढून पाही. थोडे पुढे जाऊन पुन्हा परत येई आणि तिसऱ्यांदा ओढून पाही.

श्रावणात लोमटे सर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे मुलाकडे गेले. आणि नेमकी त्याच वेळी वाण तपासणारी समिती येण्याची तारीख ठरली. चौदा नव्या वाणांपैकी नऊ नंबरच्या वाणावर केंद्रप्रमुखांचा फार जीव होता, कारण त्याला शेंगा भरघोस लागत. तो पुढच्या हंगामात शेतकऱ्यांच्या रानात न्यायचा की नाही, हे समिती ठरवणार होती. “पाट्या रंगवून घ्या, गवत काढून घ्या,” एवढेच केंद्रप्रमुख म्हणाले. ते म्हणाले तेवढेच तिने केले असते तर ही कथा मला सांगावी लागली नसती.

शनिवारी ती तुकड्यात जाऊन उभी राहिली. मरतुकडीच्या ओळी बोळक्या तोंडासारख्या दिसत होत्या; एकही झाड धड उरले नव्हते. नऊ नंबरातही मधेमधे जागा रिकाम्या पडल्यासारख्या होत्या. तिथली झाडे वाळून काड्या झाली होती. ओळीत अशी जागा मोकळी राहिली की तिला नांगी म्हणतात. कांचनची आई पेरणीनंतर रानात फिरून शेवटची नांगी भरल्याशिवाय भाकरीला बसत नसे. नांग्या दिसणारे रान म्हणजे आळशाचे रान, हे कांचनने लहानपणापासून ऐकले होते. समितीने असे रान पाहिले तर तिच्याविषयी काय मत करून घेईल?

ऑफिसच्या मागे चांगल्या मातीच्या पिशव्यांत तिने प्रत्येक वाणाची जादा रोपे वाढवली होती, वेळेला असावीत म्हणून. रविवारी तिने दोन बायांना बोलावले, वाळलेली झाडे उपटली आणि पिशव्यांतली रोपे मातीसकट त्या जागी लावली. मरतुकडीच्या ओळीत मरतुकडीचीच, नऊ नंबरात नऊ नंबरचीच. तिच्या मनात पाप नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. चांगल्या शेतकऱ्याच्या मुलीने जे करावे तेच ती करत होती.

सोमवारी मोजणीसाठी तिने वही उघडली आणि मग तिच्या ध्यानात आले. मोजायचे काय? जे मोजायचे ते कालच उपटून एका ढिगात मिसळून टाकले होते.

नऊ नंबरच्या दोन ओळी मिळून झाडे साठ. त्यांतली सहापर्यंत मेली तरी वाण पास, त्याहून जास्त मेली तर नापास. मागच्या सोमवारी तीन होती; रविवारपर्यंत किती झाली होती? पाच असतील. की आठ? तिने त्या दोन बायांतल्या गयाबाईंना गाठले.

“मावशी, नऊ नंबरातली किती उपटली हो आपण?”

“आता मोजत कोन बसतंय, ताई? तुमीच म्हनला, घाई करा म्हनून.”

कांचनने पेन्सिलीने ‘५’ लिहिले. खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. चार दिवसांत त्या चौकटीतला कागद झिजून पारदर्शक झाला.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी लोमटे सर परतले. डोळ्यांना काळा चष्मा आणि हातात तीच कापडी पिशवी. आल्या आल्या ते मरीच्या वावराकडे निघाले. कांचन मागोमाग चालत होती. लावलेल्या रोपांनी एव्हाना जीव धरला होता. तुकडा हिरवागार, भरगच्च दिसत होता. कोणी फोटो काढावा असा.

सरांनी नव्या वाणांकडे पाहिलेही नाही. ते मरतुकडीच्या एका ओळीपाशी उकिडवे बसले आणि बोटाने एकेक झाड मोजत शेवटपर्यंत गेले. तीसच्या तीस उभी होती. त्यांनी पिशवीतून गुळाची पुडी काढली, थोडा वेळ पुडीकडे पाहिले आणि पुन्हा आत ठेवून पिशवीची गाठ मारली.

“सर, यंदा गूळ न्हाई व्हय?” गयाबाईंनी विचारले.

“नाही, गयाबाई. यंदा कोणी मेलंच नाही.”

मग ते नऊ नंबरपाशी गेले. त्या तुकड्यात सर्वांत देखण्या ओळी त्याच होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी तिथली नुकतीच रंगवलेली पाटी उपटली आणि कांचनच्या हातात दिली.

“ही ऑफिसात ठेव.”

“सर!” कांचनचा आवाज चिरकला. “उद्या समिती येतेय!”

“म्हणूनच म्हणतोय. बाळ, मला एवढंच सांग, ही मरतुकडी का जगली?”

पाटीचा ओला रंग तिच्या बोटांना लागला. तिला रडू फुटले, आणि रडत रडतच तिने सगळे सांगून टाकले. रविवार, पिशव्यांतली रोपे, उपटलेली झाडे, झिजलेला कागद, सगळे.

सर रागावले नाहीत. बांधावर बसून त्यांनी चष्मा सारखा केला.

“लोकांना वाटतं, म्हातारा मरणाचा गूळ वाटतो. अगं, मरतुकडी मेली म्हणजे मातीत रोग आहे एवढं कळतं. मग तिच्या शेजारचं झाड जगलं, तर ते आपल्या ताकदीवर जगलं असं म्हणता येतं. ती साक्षीदार आहे आपली. साक्ष देऊन मरते बिचारी, म्हणून तिच्या नावानं गूळ. तू साक्षीदारालाच उठवून बसवलंस. आता हे सगळं हिरवं आहे खरं, पण त्यातलं एकही झाड काही सांगत नाही.”

त्यांनी पायाजवळचे एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडले. पुढचे बोलणे त्यांना जड जात होते.

“माझ्याकडूनही झालंय. तरुण होतो. एका वर्षी मरतुकडी फारशी मेलीच नाही. मी म्हटलं, मरू दे, नवा वाण तर तगलाय ना? घाई होती, नाव व्हायचं होतं. बी दिलं लोकांना. दुसऱ्या वर्षी एक बाई वाळलेलं झाड पदरात गुंडाळून माझ्या टेबलाशी आली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘सायेब, पानी जास्त झालं का ओ आमच्याकडून?’ चूक माझी होती, आणि ती स्वतःची शोधत होती.”

कांचनने डोळे पुसले. “मग वहीत काय लिहू, सर? पाचच असतील बहुतेक. खरंच पाच असतील.”

“असतीलही. पण ते तुला माहीत नाही.”

“खरं सांगितलं तर माझी नेमणूक जाईल.”

“जाईलही,” सर म्हणाले. त्यांनी तिची खोटी समजूत घातली नाही. त्या क्षणी तिला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. चहा झाला, पाहणी झाली, हिरव्या तुकड्याचे कौतुक झाले. पाटी का नाही, असे केंद्रप्रमुखांनी विचारायच्या आतच समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारले, “नऊ नंबरात मर किती?”

केंद्रप्रमुखांनी कांचनकडे पाहिले. सगळ्यांनीच पाहिले. तिने वहीतली ती झिजलेली चौकट उघडली. ‘पाच’ हा शब्द किती लहान आहे, एका श्वासात होऊन जाईल, असे तिला वाटले. आणि तेवढ्यात, कधीही न पाहिलेल्या त्या बाईचा पदर तिच्या डोळ्यांपुढे आला.

“आकडा नाही, मॅडम. मोजण्याआधी मीच नांग्या भरल्या. मरतुकडीतही भरल्या. चूक माझी आहे.”

अध्यक्ष बाईंनी फाइल मिटली. नऊ नंबरचा निर्णय एक वर्ष पुढे गेला. परत जाताना केंद्रप्रमुख फक्त म्हणाले, “एक अख्खं वर्ष, कांचन.” त्या दिवशी तिला जेवणाला चला असे कोणी म्हटले नाही. संध्याकाळी तिने पाटी पुन्हा जागेवर रोवली आणि वहीतल्या त्या झिजलेल्या चौकटीवर आडवी रेघ मारून पेनाने लिहिले: ‘मोजणीपूर्वी नांग्या भरल्या. आकडा उपलब्ध नाही.’ खाली सही केली.

पोळा झाला, गणपती झाले, दसराही झाला. नेमणूक वाढल्याचे पत्र आले नाही. कांचन दर सोमवारी मोजत होती, आणि वहीत शून्यामागून शून्ये पडत होती. आईच्या फोनवर ती आता ‘होईल’ म्हणत नसे. ‘माहीत नाही’ म्हणत असे. हे उत्तर ऐकून आईला धसका बसला, पण पुन्हा पुन्हा विचारणे तिने बंद केले.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मरतुकडीच्या तिसऱ्या ओळीत एक झाड मान टाकून उभे दिसले. पिशवीतली चांगली माती संपून त्याची मुळे अखेर मूळच्या रोगट मातीत पोचली होती. कांचनने खाली वाकून खोडाची साल नखाने सोलली. आत काळपट रेघ होती. मर.

तिने वहीत तारीख लिहिली, ओळ लिहिली, ‘१’ लिहिले, आणि झाड तसेच उभे ठेवले. मग खांद्याच्या पिशवीतून गुळाची पुडी काढली. गेले कित्येक सोमवार ती तिच्यासोबत होती, हे कोणालाच माहीत नव्हते. गयाबाईंना खडा दिला, दुसऱ्या बायांना दिला. मागे वळून पाहते तो लोमटे सर हात पुढे करून उभे होते. आजवर त्या वावरात गूळ त्यांनी फक्त दिला होता.

“आकडा किती?” खडा तोंडात टाकत त्यांनी विचारले.

“मरतुकडी एक. नऊ नंबर अजून मोजायचाय.”

“भीती वाटते?”

“वाटते.”

“बरं. मोज मग.”

कांचन नऊ नंबरच्या ओळींकडे वळली. या वेळी तिच्या हातात पेन्सिल नव्हती, पेन होते.

ज्या वावरात काहीच मेलेले दिसत नाही, तिथे नांग्या कोणी भरल्या, हे आधी विचारावे. आणि वावर आपले असेल तर आपल्यालाच विचारावे.