ठकूबाईचं चुकीचं गाणं

“...मग ठकूबाई गायला लागली, तसा तिचा मेलेला नवरा उठून—” हापशावर कुणीतरी सांगत होतं. तेवढ्यात हंडा भरला, सांगणारीनं तो कमरेवर घेतला आणि ती चालू लागली. पुढचं राहूनच गेलं. आता अर्धी गोष्ट पोटात ठेवून कुणाला जेवण जातं का? म्हणून बसा, पुरती ऐका.

बेलखोरीत हापसा नव्हता, वीज नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सगळा मळा एकाच विहिरीवर भिजायचा. बैल धावेच्या उतरणीवरून खाली गेले की चामड्याची मोट भरून वर यायची आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी व्हायची. तिथून पाट निघायचा, तो घराघरांच्या परड्यामागून वळत मळ्यात शिरायचा. मोट हाकायचा ठकूबाईचा नवरा, भागूजी. तो गायला लागला की झाडावरचे होले घुमायचे थांबायचे, असं म्हणतात. बैलांना तर त्याच्या गाण्याचीच सवय. गाणं सुरू झालं की पाय उचलायचे, सूर थांबला की उभे. चाबूक नुसता खांद्यावर, शोभेला.

एका साली तापाची साथ आली. घराघरातून माणसं गेली. जाणत्यांनी सांगितलं, मरीआई गावात उतरलीय, तिला डिवचू नका. वाजवू नका, गाऊ नका. गाव मुकं झालं. जात्यावर ओवी नाही, देवळात टाळ नाही. पुढं ताप ओसरला, पण भीती काही गेली नाही. जो पहिला गाईल त्याच्या घरी ताप परत येईल, असं सगळ्यांच्या मनानं घेतलं. आणि ताप उतरलेली माणसंही अंथरूण सोडीनात. भागूजी भिंतीकडं तोंड करून पडला. पेज नेली तरी ओठ मिटलेले. दिवसेंदिवस नुसता वाळत चालला.

वैद्यानं नाडी बघितली. म्हणाला, “ताप कधीच उतरलाय, ठकूबाई. आता ह्याला उठावंसं वाटलं पाहिजे. त्याची पुडी माझ्याकडं नाही.”

तिकडं मळाही करपायला लागला. शेवटी ठकूबाईनं पदर खोचला आणि स्वतःच मोट जुंपली. बाईनं मोट हाकलेली गावात कुणी पाहिली नव्हती. शेजारची सगुणाकाकू कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिचं अर्धं लक्ष कायम दुसऱ्याच्या घरात. अशी एक शेजारीण प्रत्येक गावाला लागतेच.

बैल हलेनात. चुचकारलं, शेपट्या पिळल्या, काही नाही.

“गाणं लागतं गं त्यांना,” सगुणाकाकू कुजबुजली.

“ठावं हाय.”

“पण गाऊ नकोस बाई. ताप यायचा.”

“येऊ दे की. पुढं उभी हाय मी. आधी माझ्याशी बोल म्हणावं.”

नवऱ्याचं गाणं तिनं जन्मभर ऐकलं होतं, म्हटलं कधी नव्हतं. तिनं घसा खाकरला आणि सूर लावला.

“चांद्या माझा डावा, सावळ्या माझा उजवा,
चला बाबांनो चला, मळा सारा भिजवा...”

बैलांनी कान टवकारले आणि पाय उचलला. मोट वर आली, पाणी पाटात पडलं आणि पाण्याबरोबर गाणंही पाटात शिरलं, असं म्हणतात. वाहत वाहत ते ठकूबाईच्याच घराला जाऊन लागलं. भिंतीआडून एक घोगरा आवाज आला.

“सावळ्या डावा हाय.”

ठकूबाईनं कासरा आवळून धरला. मग तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. तशीच, चुकीची. आता मुद्दाम.

“अगं, सावळ्या डावा! कान हाईत का?”

मग तिनं ताळच सोडला. “चला बाबांनो चला, माळ सारा भिजवा...”

भागूजी भिंत धरधरून दारात आला. पायात बळ नव्हतं, पण कपाळावर आठी पुरी होती. “माळ भिजवून काय दगडं पिकवणार हाईस?”

“मग तुम्ही या की म्हणायला.”

“येतो,” तो उंबऱ्यावरच बसला. “पेज हाय का घरात?”

पाणी पुढं गेलं, गाणंही पुढं गेलं. ते गाणं गावात कुणाला येत नव्हतं? खाटेवरचा म्हातारा पाटील ओरडला, “कोण चुकतंय रे ते?” बाळंतिणीनं खिडकी उघडली. पाणी जिथं जिथं पोचलं, तिथं तिथं माणूस उठून बसला, असं म्हणतात. दिवस मावळायच्या आत सगळं गाव विहिरीवर जमलं, खरं गाणं कसं यावरून भांडलं आणि भांडता भांडता एका सुरात गायला लागलं. कुणीतरी हलगी आणली. देवळातले टाळही बाहेर आले. मळा भिजला. ताप काही परत आला नाही.

आता विहिरीवर मोटर आहे. तरी बेलखोरीत पेरणी उरकली की एक दिवस मोटर बंद ठेवतात. गावातली सगळ्यात नवी सून धावेवर उभी राहून ते गाणं चुकीचं म्हणते आणि घराघरातून गाव तिला दुरुस्त करतं. कुणी फार दिवस अंथरुणाला खिळलं, तर डॉक्टरांचं औषध चालू असतंच, पण शेजारपाजारचे उशाशी बसून त्याच्या आवडीचं गाणं मुद्दाम चुकवतात. त्याला ‘ठकू लावणं’ म्हणतात.

आणि हापशावरच्या त्या बाईचं म्हणणं? ते निम्मंच खरं. उठला, हे खरं. पण मेला कुठं होता? भागूजीला म्हातारपणी कुणी विचारलं, की तो बायकोकडं बघून म्हणायचा, “मेलो नव्हतो. पण हिनं गाणं बरोबर म्हटलं असतं, तर काही सांगता येत नव्हतं.”