रिकामे पारडे

पूर्वी कुंतिपूर नगरात शीलसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या बाजारात मापाडी होता. दुकानदारांचे तराजू आणि मापे तपासायची, खरी निघाली तर त्यांवर आपला शिक्का उठवायचा, हे त्याचे काम. त्याचा शिक्का असला की गिऱ्हाईक पुन्हा वजन करून बघत नसे.

नगराच्या दक्षिण वेशीबाहेर बुरूड राहत. सूप, टोपल्या, पाळणे त्यांच्या हातचे. पण राजाच्या वैद्यशाळेत त्यांना पाऊल टाकता येत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असेच चालले होते. शीलसेन गादीवर आला तेव्हा त्याने ही बंदी उठवली. औषध सर्वांना सारखे मिळेल, अशी आज्ञा त्याने दगडावर कोरून वैद्यशाळेच्या दारात उभी केली. बुरुडांच्या बायकांनी त्या दगडाला हळदकुंकू वाहिले.

पुढच्याच वर्षी तापाची साथ आली. वैद्यशाळेत खाटा चाळीस आणि दाराशी रोज दोनशे माणसे. ज्याची ओळख तो आत जाई. तक्रारी वाढल्या, तेव्हा अमात्य गर्गदत्ताने एक तोड काढली. दारात मोठा तराजू टांगला. एका पारड्यात ठरावीक वजनाचा दगड. माणूस आला की लेखनिकाने वैद्यशाळेच्या दहा वर्षांच्या नोंदी चाळायच्या आणि तो जितक्या वेळा उपचाराला आला असेल तितके खडे दुसऱ्या पारड्यात टाकायचे. खड्यांचे पारडे खाली गेले तर खाट. वर राहिले तर परत.

“जो सारखा येतो त्याची प्रकृती नाजूक,” अमात्य सांगे. “जो कधीच आला नाही तो दणकट. घरीच बरा होईल.”

बोधिसत्त्वाला बोलावणे गेले. त्याने दांडी पाहिली, काटा पाहिला, सगळे खडे एकसारखे आहेत ना ते पाहिले. कुठे गुंजभर खोट नव्हती. त्याने शिक्का उठवला आणि घरी आला. वशिला बंद झाला म्हणून नगर खूश होते. तोही खूश होता.

वीस दिवसांनी तो कामासाठी वैद्यशाळेवरून चालला होता. दारात उत्पला नावाची बुरुडीण उभी होती. शेजारी जमिनीवर तिची मुलगी पडली होती, आठ महिन्यांची गरोदर, तापाने ओठ फुटलेले. लेखनिकाने ताडपत्रे चाळली आणि मान हलवली. एकही खडा पडला नाही.

“ने हिला घरी,” दारात उभा असलेला अमात्य म्हणाला. “दहा वर्षांत हिला साधी सर्दी झालेली नाही.”

“सर्दी झाली होती, मालक. तापही आला होता. तेव्हा तुम्ही आत घेत नव्हता.”

“मी? माझं काय आहे यात? तराजू सांगतो ते मी करतो. तो कोणाचं तोंड बघत नाही, कोणाला जात विचारत नाही.”

तिच्या मागे एक जाडजूड शेठ उभा होता. त्याच्या नावावर तीस खडे पडले आणि पारडे धाडकन खाली गेले.

“शेठजी, कुठं दुखतंय?” बोधिसत्त्वाने विचारले.

“आज? आज काही नाही बुवा. दर हिवाळ्यात अंगाला तेल लावून घ्यायला येतो ना, त्याची नोंद आहे. खाट मिळत होती, म्हटलं असू दे.”

उत्पलेने तराजूकडे पाहिले. दांडीवरचा शिक्का तिने ओळखला. “दादा, हा तुमचाच ना?” तिने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. बोधिसत्त्वाला तेच सहन झाले नाही. त्याने खड्यांचे पारडे रिकामे करून दांडीवरून काढले, काखेत मारले आणि उत्पलेला म्हणाला, “ताई, तिला पाणी पाज. मी आलोच.” शिपाई मागे धावले. तो राजासमोर जाऊनच थांबला. अमात्यही धापा टाकत पोहोचला.

“महाराज, माझं मापाडीपण काढून घ्या, पण आधी एक ऐका. गेल्या पावसाळ्यात आपण महिनाभर अंथरुणाला खिळला होता. वैद्यशाळेच्या नोंदीत आपलं नाव शोधायला सांगा.”

राजाने लेखनिकाला ताडपत्रांसकट बोलावले. त्याने शोधले. नाव नव्हते.

“मग महाराज आजारी नव्हतेच,” बोधिसत्त्व म्हणाला. “पारडं रिकामं आहे. घरीच बरे होतील.”

“काय बोलतोस!” अमात्य ओरडला. “महाराजांसाठी वैद्य राजवाड्यावर जातात!”

“तेच म्हणतोय. महाराजांना जावं लागलं नाही आणि बुरुडांना जाऊ दिलं नाही. नोंदीत दोघांचीही जागा कोरीच. तुम्ही त्याला तब्येत म्हणता?”

“पण मी जात विचारतच नाही!”

“तुम्ही कशाला विचाराल? तुमच्या वडिलांनी विचारली, आजोबांनी विचारली आणि माणसं दारातून हाकलली. त्यांनी हाकललं ते त्या ताडपत्रांतल्या कोऱ्या जागेत आहे. तराजू तेच तोलतोय. महाराज, बंदी उठवल्याचा दगड आपण दारात उभा केलात आणि त्याच दारात तीच बंदी पुन्हा टांगली गेली. या वेळी तिच्यावर माझा शिक्का आहे.”

राजाचा चेहरा उतरला. “तराजू खोटा आहे का?”

“तराजू खरा आहे. मी तेवढंच बघितलं. त्यात काय टाकणार, हे विचारलं नाही. ती चूक माझी.”

राजा उठला आणि पायीच वैद्यशाळेत गेला. त्याने तराजू उतरवायला लावला. वैद्यांनी दारात बसून प्रत्येकाची नाडी पाहायची आणि ज्याला परत पाठवतील त्याला कारण सांगायचे, अशी आज्ञा झाली. शेठला उठवून त्या खाटेवर उत्पलेच्या मुलीला निजवले. ती वाचली, तिचे बाळही वाचले.

राजाने बोधिसत्त्वाला शाल देऊ केली. त्याने ती घेतली नाही. “वीस दिवसांत किती बुरूड परत गेले, त्यांतले किती उरले, तेवढं मला शोधून द्या,” तो म्हणाला. अकरा जण मेले होते. तो वेशीबाहेर गेला, अकराही घरांच्या दारात उभा राहिला आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलला, “शिक्का माझा होता.” काही घरांनी त्याला पाणी दिले. दोन घरांनी दार लावून घेतले. त्या बंद दारांसमोरही तो हात जोडून उभा राहिला.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भिक्खूंचे गुरू, थांबले. विहारात औषध वाटणारा भिक्खू सुधम्म समोर बसला होता. नेहमी येऊन मागणाऱ्यांनाच तो आजारी समजत असे. कोपऱ्यात कण्हत पडलेला एक नवा भिक्खू त्यामुळे तीन दिवस औषधावाचून राहिला होता.

“सुधम्म, तेव्हाचा अमात्य तू होतास,” शास्ता म्हणाले. “उत्पला म्हणजे आज त्या आजाऱ्याची शुश्रूषा करणारी भिक्खुणी खेमिका. राजा शीलसेन म्हणजे आपला वृद्ध भिक्खू उत्तिय. आणि न विचारता शिक्का मारणारा आणि नंतर तो आपला म्हणून सांगणारा मापाडी मीच होतो.”

त्या जन्मी बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, आचरली. सुधम्म औषधाचे भांडे घेऊन कोपऱ्याकडे गेला.