शेणकिड्याने दम खाल्ला

मुलांनो, जिथे गावची गुरे चरायला येत, अशा एका माळरानावर एक शेणकिडा राहत असे. कामाला मोठा वाघ, पण घाई त्याच्या अंगात भिनलेली. एके सकाळी त्याने ताज्या शेणाचा बोराएवढा सुरेख गोळा वळला. पलीकडे करवंदीच्या जाळीखाली त्याची बायको खड्डा खणून वाट पाहत होती. त्या गोळ्यात ती अंडे घालणार होती. तिने आधीच बजावले होते, "अहो, ऊन चढायच्या आत या. गोळा वाळून फुटला, तर आपलं बाळ खाईल काय?"

शेणकिडा डोके खाली करून, मागच्या पायांनी गोळा ढकलत उलटा चालतो. त्यामुळे वाट काही दिसत नाही. आपला शेणकिडा तसाच निघाला. वाटेत दगडावर एक सरडा बसला होता. मान डोलावत तो म्हणाला, "अरे, किती धापा टाकतोस! जरा दम खा."

"दम खाऊन कुणाचं पोट भरलंय, सरडोबा?" असे म्हणत तो पुढे गेलासुद्धा.

बऱ्याच वेळाने पुन्हा एक दगड आला, पुन्हा एक सरडा. "जरा दम खा की, बाबा!"

"आत्ताच तुमच्या भावानं हेच सांगितलं. तुमच्या घराण्याला दुसरा उद्योग नाही वाटतं!" सरडा काही बोलणार, तोवर स्वारी पसार!

ऊन तापले. गोळ्याला बारीकशी चीर गेली. शेणकिड्याने पाय आणखी झपझप उचलले. तेवढ्यात वरून आवाज आला, "अजून नाही का दम खाल्लास?"

शेणकिडा रडकुंडीला आला. "तुमचं गोत तरी केवढं हो! हा तिसरा सरडा!"

सरडा शेपूट हलेपर्यंत हसला. "अरे वेड्या, तिसरा कुठला? सकाळपासून मी एकटाच इथे ऊन खात बसलोय. तूच माझ्याभोवती प्रदक्षिणा घालतोयस!"

शेणकिडा पहिल्यांदाच थांबला. गोळ्यावर चढून बसला, पोटभर श्वास घेतला आणि त्याने मान वर करून चहूकडे पाहिले. करवंदीची हिरवीगार जाळी समोरच होती! त्याने गोळा वळवला आणि सरळ तिकडे नेला. बायकोने ओल्या मातीने चीर लिंपली आणि गोळ्यात अलगद अंडे घातले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेणकिडा खड्ड्याशी हजर. "अगं, आलं का बाळ बाहेर?"

"अहो, कालच तर अंडं घातलंय. जरा दम खा!"

"खातो बाई, खातो! आता सवय झालीय मला," असे म्हणून तो एका खड्यावर चढला आणि सरडोबांसारखा मजेत ऊन खात बसला.

तात्पर्य : दम खाल्ल्याने वेळ वाया जात नाही. आपण वाटेवर आहोत की नुसतेच फिरतो आहोत, हे घटकाभर थांबल्यावरच कळते.