हाकेचं पाणी

सेंट ओदिल बेटावरून सकाळी सुटणारी सहलीची बोट दिवसभरात तीन बेटं करते. गाणी मोठ्याने लावलेली असतात, डेकवर नाच चालू असतो, आणि कॅरिबियनचं ते निळंहिरवं पाणी बघून घरी कधी न नाचणारी माणसंही नाचायला लागतात. मात्र दुसऱ्या बेटावरून निघून कासवबेटाकडे जाताना अर्ध्या वाटेवर कप्तान इंजिन बंद करतो. गाणीही थांबतात. त्या जागेला तिथले लोक ‘हाकेचं पाणी’ म्हणतात. पाहण्यासारखं तिथे काहीच नाही. खडक नाही, खूण नाही, पाणी तेवढं गडद आहे.

सत्तरी गाठलेले कप्तान उर्बान तिथली हकीकत पाहुण्यांना सांगतात. त्यांनी ती आजीकडून ऐकली आणि आजीने तिच्या आईकडून.

तेव्हा शिडाची होडी होती, असं सांगतात. होडी डेल्फिन नावाच्या बाईची. बापामागे ती तिच्याकडे आली होती आणि सुकाणू ती कोणाच्या हाती देत नसे. शीड आणि दोर तिचा नवरा ओगुस्त सांभाळायचा. वर्षातून एकदा, सेंट ओदिलच्या सणाला, ही होडी सगळ्या बेटांवर फिरायची. लोक आपापलं खाणं घेऊन चढायचे, एक ढोलवाला असायचा आणि गाणं ओगुस्तचं असायचं. तो एक ओळ जागच्या जागी जुळवून म्हणायचा, बहुतेक वेळा कोणाची तरी थट्टा करणारी, आणि सगळी होडी पालुपद धरायची : ‘थांबू नको, थांबू नको, वारा आपला आहे!’

त्या वर्षी वारा खरोखरच चांगला होता. दुसऱ्या बेटावर जेवणं झाली होती. कासवबेटाकडे जाताना मागचा एक दोर सुटला, तो बांधायला ओगुस्त गातगातच डेल्फिनच्या पाठीमागे गेला. ती पुढे लाटांकडे बघत होती. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, ‘डेल्फिन, थांब!’

लोक हसले. ओळ सगळ्यांना आवडली. ढोल आणखी जोरात वाजला आणि सगळ्यांनी पालुपद म्हटलं, ‘थांबू नको, थांबू नको, वारा आपला आहे.’ डेल्फिननेही म्हटलं.

पुढची ओळ आली नाही.

तिने मागे वळून पाहिलं तर सुटलेला दोर पाण्यात फरफटत होता. तिने होडी वळवली. आता वारा तोंडावर आला होता, आडवं-तिडवं जात त्या जागी पोचायला फार वेळ लागला. मग उन्हं कलेपर्यंत ते सगळे त्या पाण्यावर घिरट्या घालत राहिले. फिलोमेन नावाची एक म्हातारी होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी बसली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘ती शेवटची ओळ गाण्यातली नव्हती.’

डेल्फिनला रडू आलं नाही. तिने लोंबणारा दोर ओढून घेतला आणि बांधला. गाठ पक्की बसली. माणसांना ज्याच्या त्याच्या बेटावर उतरवणं भाग होतं, ते तिने केलं. एका बाईची आंब्याची टोपली होडीतच राहिली होती, ती तिने हाक मारून परत दिली. घरी आल्यावर तिला भूक लागली होती, आणि भूक लागली याचंच तिला थोडं नवल वाटलं.

नऊ दिवस लोक तिच्या अंगणात भजनं म्हणायला येत राहिले. तिने सगळ्यांना कॉफी दिली. बाया म्हणाल्या, आज रडेल, उद्या रडेल. दहाव्या दिवशी ती होडीला डांबर लावायला गेली. आपल्या हातांकडे ती दुसऱ्या कोणाचे असावेत तसं बघायची, म्हणे. काम मात्र नीट व्हायचं.

वर्ष फिरून सण आला. होडी निघेल का, हे विचारायला कोणाची जीभ उचलेना. शेवटी फिलोमेन गेली.

‘निघेल,’ डेल्फिन म्हणाली. ‘ढोल आणायचा तर आणा.’

ढोल आणला होता, पण तो कोणी वाजवला नाही. त्या जागी आल्यावर डेल्फिनने शीड उतरवलं. होडी पाण्यावर नुसती डुलत राहिली. ‘मी नाव घेईन,’ ती म्हणाली, ‘ज्याचं घेईन त्याने ओ द्यायची.’ तिने एकेकाचं नाव घेतलं. म्हाताऱ्यांचं, कडेवरच्या पोरांचं, ढोलवाल्याचं. सगळ्यांनी ओ दिली. मग तिने ओगुस्तचं नाव घेतलं आणि ती थांबली. लोक पायांकडे बघत राहिले. खूप वेळ गेल्यावर तिने शीड चढवलं. तिचा चेहरा येताना होता तसाच होता.

पुढे एकतीस वर्षं तिने हेच केलं, असं सांगतात. म्हातारपणी सुकाणू भाच्याच्या हाती दिलं, तेव्हा त्याने धीर करून विचारलं, ‘मावशी, तू तिथे कशाची वाट बघतेस? तो काही ओ देणार नाही.’

‘मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘तेव्हा मी ऐकलं नाही. म्हणून आता ऐकते.’

तिला रडताना मात्र कोणी कधीच पाहिलं नाही.

आजही हाकेच्या पाण्यावर इंजिन थांबतं आणि कप्तान यादी काढून नावं घेतात. आपल्याकडची मंडळी असली की उर्बान अडखळतात. ‘तिलोत्तमा’सारख्या नावाचं त्यांच्या तोंडी काहीतरी भलतंच होतं, तरी त्या नावाची बाई चटकन ओ देते. हसणारे आधी हसतात. यादी संपल्यावर उर्बान कागद घडी करून खिशात ठेवतात आणि शेवटचं नाव घेतात. किती वेळ थांबायचं याचा नियम नाही. बोटीच्या कडेला पाणी आपटत राहतं. मग ते इंजिन चालू करतात, आणि कासवबेट येईपर्यंत कोणी गाणं लावा म्हणत नाही.