कार्डं हातातच होती

साल बाहत्तर असेल किंवा त्र्याहत्तर. माझ्या स्मरणशक्तीवर माझाच भरवसा नाही. पण आमच्या संगणक केंद्रातल्या मुलाखतींना शालन हर्डीकर ही एकटीच मुलगी आली होती आणि तिला ती नोकरी हवीच होती, एवढं पक्कं आठवतं.

केंद्राचे प्रमुख खासनीस साहेब म्हणाले, “अहो बाई, आमच्याकडे एकही बाई प्रोग्रॅमर नाही. का? बायकांना ते जमतच नाही!”

“माझा प्रोग्रॅम चालवून तर बघा, सर.”

तेव्हा प्रोग्रॅम छिद्रं पाडलेल्या कार्डांवर असायचा. साहेबांनी ऐटीत यंत्राचं बटण दाबलं. कागद कोराच राहिला.

“बघा! मी म्हटलं नव्हतं?”

“सर, कार्डं अजून माझ्या हातातच आहेत,” शालन म्हणाली. “तुम्ही आत घेतलीच नाहीत, तर बाहेर काय येणार? बायकांचंही इथे तसंच झालंय.”

आम्ही परीक्षक खो खो हसलो, शेवटी साहेबही हसले. त्यांनी स्वतः कार्डं आत घातली, यंत्र खडखडलं आणि अचूक उत्तर छापून आलं. नोकरी शालनलाच मिळाली.

बऱ्याच वर्षांनी साहेबांच्या मुलीची गाठ पडली, तेव्हा मी एका ऐकीव गोष्टीची खात्री करून घेतली. तिला प्रोग्रॅमिंग शिकायला शालनकडे साहेबांनीच धाडलं होतं.