पिसलेले रकाने

“...मग बाई, तिन्हींतली खरी पद्धत कोणती?”

निरंजन वायंगणकरने विचारलं खरं, पण उत्तर तो ठरवूनच आला होता. संख्याशास्त्रातली त्याची हुशारी विद्यापीठभर गाजलेली. खांडेपारकरबाई त्याच्या गुरू. निवृत्तीनंतर राजापूरजवळच्या आपल्या गावी येऊन राहिलेल्या.

निरंजनने कोकणातल्या जुन्या भातवाणांची मोजमापं गोळा केली होती. दाण्याची लांबी, वजन, रोपाची उंची, पिकायला लागणारा काळ. बियाणं जपणाऱ्या एका संस्थेकडे सगळ्या वाणांना जागा नव्हती. निरंजन गट पाडून देणार, संस्था प्रत्येक गटातला एकच वाण ठेवणार आणि बाकीचे सोडून देणार, असं ठरलं होतं.

सारखे वाण एकमेकांना जोडत जाणाऱ्या पद्धतीने चार गट दिले. मध्यबिंदूंभोवती वाण वाटणाऱ्या दुसरीनेही जवळपास तेच चार. मोजमापांमागचा मुख्य कल शोधणाऱ्या तिसरीत मात्र गट दिसेनात. वाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरले होते.

“दोघींचं एकमत आहे,” निरंजन म्हणाला. “तिसरी कच्ची.”

बाईंनी लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि पत्ते पिसावेत तसा एकेक रकाना वेगवेगळा पिसून टाकला. आता एकाच ओळीत लांबी एका वाणाची, वजन दुसऱ्याचं, उंची भलत्याचीच. असा भात कुठल्याही शेतात कधी उगवला नव्हता.

“आता चालव.”

पहिलीकडे त्याने चार गट मागितले. मिळाले. रेखीव.

दुसरीनेही दिले.

त्याने रकाने स्वतः पुन्हा पिसले, पुन्हा चालवून पाहिलं... पुन्हा चार.

“आणि तिसरी?”

“तिला... काही सापडत नाही. मुख्य असा कलच नाही म्हणते.”

बाई उठून अंगणात गेल्या आणि वाळत घातलेली आमसुलं उलटू लागल्या. निरंजन मागोमाग गेला. संस्थेची माणसं उद्याच येणार, त्यांना गट हवेत, गट नाहीत असं सांगायला मला कशाला बोलावलं असतं, असं बरंच काही तो बोलत राहिला.

“तिसरीला ‘नाही’ म्हणता येतं,” बाई वर न बघता म्हणाल्या. “तुला येईल?”