तापाच्या नगराची कहाणी

ऐका दीपमाई, तुमची कहाणी. आटपाट नगर, त्यात कोष्ट्यांची आळी, आळीत राही नावाची कोष्टीण राहायची. नवरा तिचा लिंबाजी, हाताचा मोठा कसबी.

त्या नगरात पुरुष आधी शिमग्याला प्यायचे. मग बाजाराच्या दिवशी पिऊ लागले. मग बारशाला प्यायले, मयताला प्यायले, भांडण झालं म्हणून प्यायले, मिटलं म्हणून प्यायले. मग निमित्तच लागेना. लिंबाजीही त्यातलाच झाला. माग थांबला, त्यावर कोळ्यानं विणायला घेतलं.

शेजारीण विचारी, "राही, लिंबाजी कुठं गं?" "ताप आलाय." सासू विचारी, "ताप आलाय." भाऊ विचारी, "ताप आलाय." घरोघर हेच उत्तर. राजाला वाटलं, नगरात साथ आली. त्यानं वैद्य धाडले, काढे धाडले. बायकांनी काढे मोरीत ओतले नि तोंडं मिटून घेतली.

एके दिवशी शेजारचा भिवा पिऊन पडला, तो उठलाच नाही. त्याची बायको द्वारका छाती पिटून म्हणाली, "तापानं गेले हो!" सगळ्या म्हणाल्या, "तापानं गेले." राहीनं मनाशी म्हटलं, आता पाळी माझ्या घराची! ती उठली, नदीवर जाऊन रडत बसली.

तिथं एक म्हातारी सवाशीण आली. "बाई बाई, का रडतेस?"

"घरात ताप आहे."

"तापाचं औषध मजपाशी नाही." म्हातारी चालू लागली. राही मागं धावली.

"आजी, घरात पीडा आहे."

"पीडेचं औषध मजपाशी नाही." म्हातारी पाण्यात उतरली. मग राहीनं पदर धरला.

"नवरा दारू पितो, आई! असाच मरेल!"

तशी म्हातारी परतली, काठावर बसली. "आत्ता बोललीस. आता वसा देते. शनिवारी न्हावं, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर दिवा लावावा, शेजारणींना गूळखोबरं द्यावं. कुणी विचारलं तर आहे तसं सांगावं. झाकू नये, शिव्या देऊ नये, आपली लाज म्हणू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

राहीनं दिवा लावला. बायकांनी विचारलं, "लिंबाजी कुठं?" "प्यायलेत. आत पडलेत."

लिंबाजी आतून गरजला, "घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!"

"ती तुम्ही गुत्त्यावर ठेवून आलात. मी परत आणायला निघालेय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या नि गेल्या. पुढच्या शनिवारी द्वारका आली. दिव्याला हात लावून म्हणाली, "माझे तापानं नाही गेले." मग कुणी हसलं नाही. मग उंबऱ्याउंबऱ्यावर दिवे लागले.

दिवे लागले, पण गुत्ते राजाच्या हुकमाचे. ते कोण मोडणार? साऱ्याजणी हातात दिवे घेऊन वाड्यावर गेल्या. राणी पायरीवर आली. "परत जा गं. महाराजांना ताप आलाय."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. राही म्हणाली, "राणीसाहेब, हाच ताप आमच्याही घरी होता."

राणी लाल झाली, मग पांढरी झाली, मग मटकन खाली बसली. राहीनं दिवा तिच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात राणी म्हणाली, "राजा दारू पितो." राजा खवळला. "हिला हद्दपार करा! आणा हुकूम!" शिक्का उचलला, हात थरथरला. पुन्हा उचलला, पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा शिक्का हातातून सुटला, गडगडत राणीच्या पायाशी गेला. राणी जागची हलली नाही. राजा आपल्याच हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दुसरा हुकूम लिहा. गुत्ते मोडा."

प्रधान म्हणाला, "महाराज, खजिना आटेल!"

"आटू दे. राखायला धड हात तरी हवेत ना!" राणीनं त्याचा हात धरला, दोघांनी मिळून शिक्का उमटवला.

लिंबाजी लगेच सुधारला का? नाही बायांनो. पडला, उठला, पुन्हा पडला. राहीनं दिवा टाकला नाही, खरं टाकलं नाही. मग एका सकाळी तो आपणहून मागावर बसला. पहिलं लुगडं उतरलं, काठ वाकडातिकडा. "फेकून दे," म्हणाला. राहीनं तेच नेसलं नि आळीभर मिरवली.

जशी दीपमाई राहीला पावली, राणीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो, खरं बोलायला जीभ देवो, कामाला धड हात देवो. साठां उत्तरांची कहाणी, पाचां उत्तरी सांगितली. सांगणारीला सुफळ, ऐकणारीला संपूर्ण.